बेणे आणि बी : सजीवांच्या पुनरुत्पादनाच्या दोन रीती

पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या फडात उभे असलेले पीक पाहणाऱ्याला हजारो रोपांचा समुदाय वाटते. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो बहुधा एकाच रोपाचा विस्तार असतो. त्यातील प्रत्येक बेट एखाद्या जुन्या उसाच्या डोळ्यातून फुटलेले असते, तो ऊस त्याच्याही आधीच्या उसाच्या टिपरीतून आलेला असतो, आणि ही साखळी मागे नेत गेल्यास ती अखेर संशोधन केंद्रात तुऱ्याच्या बारीक बियापासून उगवलेल्या एका रोपापाशी येऊन थांबते. महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने ओळखला जाणारा को ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन वाणांच्या संकरातून जन्मला. तो संकर घडताना परागकणातील नरयुग्मक आणि अंडपेशी यांचा संयोग झाला तो एकदाच. त्यानंतर लाखो एकरांवर जे पसरले, ते त्या एका संयोगातून सिद्ध झालेल्या रोपाचे तुकडे होते. एकदाच घडलेला तो संयोग आणि नंतर वर्षानुवर्षे चाललेली ती लागण, या दोन घटना सजीवांच्या पुनरुत्पादनाच्या दोन रीतींचे नमुने आहेत, आणि त्या दोहोंचे परस्परांशी असलेले नाते हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

ज्या रीतीत एकच जनक असतो, युग्मकांचा, म्हणजे संयोगासाठी तयार झालेल्या विशेष पेशींचा, मिलाफ होत नाही आणि संततीला जनकाचीच जनुकीय सामग्री जशीच्या तशी मिळते, तिला अलैंगिक प्रजनन म्हणतात. ज्या रीतीत दोन युग्मके एकत्र येऊन युग्मनज नावाची एक नवी पेशी तयार होते आणि त्या पेशीत दोन निरनिराळ्या वारशांची सरमिसळ होते, तिला लैंगिक प्रजनन म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकांत अमीबाचे द्विविभाजन, किण्वाचे मुकुलायन, हायड्राची कळी, पानफुटीच्या पानाच्या कडेला येणारी रोपे असा क्रम आधी येतो आणि त्यानंतर फूल व मनुष्य यांच्याकडे वळले जाते. शिकवण्याच्या सोयीसाठी हा क्रम योग्यच आहे. परंतु त्यातून अलैंगिक रीत ही आदिम व ओबडधोबड आणि लैंगिक रीत ही प्रगत, अशी जी समजूत वाचकाच्या मनात कायमची घर करते, ती मुळातून तपासून पाहण्याची गरज आहे. या दोन रीतींची कामे वेगळी आहेत. जो सजीव आजच्या परिस्थितीत उत्तम ठरला आहे त्याची संख्या वाढवणे हे पहिल्या रीतीचे काम, आणि जो सजीव अद्याप अस्तित्वातच नाही तो घडवून पाहणे हे दुसरीचे. निसर्गातील असंख्य जाती ही दोन्ही कामे करतात, कित्येक तर एकाच वर्षात करतात, आणि कोणत्या वेळी कोणते काम हाती घ्यावे याचे त्यांचे वेळापत्रक हा या शास्त्रातील सर्वांत रंजक भाग आहे.

अलैंगिक प्रजननाच्या मुळाशी समसूत्री विभाजन असते. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्या केंद्रकातील प्रत्येक गुणसूत्राची, म्हणजे डीएनएच्या लांबलचक रेणूची, दुसरी प्रत तयार होते, आणि विभाजनाच्या वेळी प्रत्येक कन्यापेशीला एकेक पूर्ण संच मिळतो. मनुष्याची जखम भरून येते, रोपाचा शेंडा वाढतो, उसाची कांडी जाड होते, ती याच विभाजनामुळे. त्यामुळे अलैंगिक प्रजनन ही वाढीपासून तुटलेली निराळी प्रक्रिया नसून, वाढीचा एखादा भाग मूळ शरीरापासून सुटा होऊन स्वतंत्र जगू लागतो, एवढाच तिचा अर्थ आहे. उसाच्या टिपरीत हे स्पष्ट दिसते. प्रत्येक पेऱ्याच्या सांध्यावर, जुन्या पानाच्या बेचक्यात, चपटा आणि खवल्यांनी झाकलेला एक डोळा असतो. त्याच सांध्याभोवती बारीक ठिपक्यांच्या ओळींचे एक कडे असते आणि त्यातील प्रत्येक ठिपका ही एका संभाव्य मुळाची जागा असते. ऊस उभा असेपर्यंत शेंड्याकडून खाली येणारी संप्रेरके, म्हणजे वाढीचे नियमन करणारी रसायने, या डोळ्यांना दाबून ठेवतात. उसाची दोन डोळ्यांची टिपरी तोडून ओलाव्यात ठेवली की तो दाब संपतो, ठिपक्यांतून मुळ्या निघतात, डोळा फुगून कोंब बाहेर येतो आणि नव्या रोपाला स्वतःची मुळे धरेपर्यंत टिपरीतील साखर पुरते. तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या खुंटांपासून जो खोडवा फुटतो, त्यात तर टिपरी तोडण्याचीही गरज पडत नाही.

आले, हळद, बटाटा, केळी ही याच रीतीने वाढवली जाणारी पिके आहेत. केळीचे उदाहरण त्यांत विशेष बोलके आहे. खाण्याच्या केळीच्या बहुतेक जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात, तीन संचांची सारखी वाटणी करता येत नसल्यामुळे युग्मके नीट तयार होत नाहीत, आणि म्हणून फळ बीविरहित राहते. खाणाऱ्याला जो गुण वाटतो, तो त्या झाडापुरता वांझपणा आहे. मुनवे लावणारा किंवा ऊतीसंवर्धनाने रोपे तयार करणारा मनुष्य नसता, तर अशी केळ आज आहे तशी जगभर पसरलीच नसती.

कोकणातील हापूस आंब्याची हकीकत याहून शिकवणारी आहे. हापूसची कोय पेरली तर उगवणारे झाड हापूस असेलच असे नाही, कारण त्या कोयीत कोणत्या तरी दुसऱ्या आंब्याच्या परागकणाचा वाटा असतो. म्हणून भेट कलम किंवा कोय कलम करून, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या खुंटावर हापूसची काडी बांधून, त्याच झाडाचा जीव पुढच्या झाडात चालू ठेवावा लागतो. कलमाने चव, रंग आणि वास टिकला, तसाच दोषही टिकला. पिकलेल्या हापूसच्या गरात जो साका धरतो, तो शतकानुशतकांच्या काळजीपूर्वक कलमांनंतरही गेला नाही, कारण प्रत घेताना निवड करता येत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निघालेल्या आणि १९८१ मध्ये प्रसारित झालेल्या ‘रत्ना’ या वाणात साका आढळत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर करून ‘सिंधू’ हा अत्यंत पातळ कोयीचा आंबा मिळाला. जे कलमाला कधीच साधले नसते ते मोहोरातील एका संयोगाने साधले, आणि साधल्यानंतर ते टिकवण्यासाठी पुन्हा कलमाचाच आश्रय घ्यावा लागला.

आता लैंगिक प्रजननाकडे वळायचे, तर पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. दोन पेशी एकत्र येणार असतील तर गुणसूत्रांची संख्या दर पिढीला दुप्पट व्हायला हवी. तशी ती होत नाही, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री साळिंदरासारख्या काटेरी दिसणाऱ्या सागरी अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात शुक्रपेशीचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक परस्परांत विलीन होताना पाहिले. १८८३ मध्ये बेल्जियमचे एदुआर व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम करताना दाखवून दिले की, त्या जंताच्या फलित अंड्यात चार गुणसूत्रे असतात आणि त्यांतील दोन मातेकडून, तर दोन पित्याकडून आलेली असतात. म्हणजे युग्मके तयार होताना कुठेतरी संख्या निम्मी होते, हे उघड झाले. या निम्मे करणाऱ्या विभाजनाला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. त्यात आईकडून आलेले गुणसूत्र आणि वडिलांकडून आलेले त्याच जोडीचे गुणसूत्र प्रथम परस्परांना चिकटून उभे राहतात, ठिकठिकाणी तुटतात आणि तुटलेले भाग एकमेकांशी अदलाबदल करून जोडले जातात. ही अदलाबदल, जिला जनुकीय विचरण म्हणतात, पूर्ण झाल्यावरच जोड्या फुटतात आणि प्रत्येक युग्मकाकडे जोडीतील एकच गुणसूत्र जाते.

जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या युग्मकात जाईल याला नेम नसतो. मनुष्यात २३ जोड्या असल्याने केवळ या वाटणीतूनच एका व्यक्तीची युग्मके ८३,८८,६०८ प्रकारची होऊ शकतात. भारतीय परंपरेतील चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण करून देणारी ही संख्या निव्वळ योगायोगाने जुळते. शिवाय विचरण लक्षात घेतल्यास खरी संख्या या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाते. सख्खी भावंडे एकसारखी का नसतात, या घराघरांतील प्रश्नाचे उत्तर या वाटणीत आहे.

वनस्पतींनाही लिंगभेद असतो, हे मान्य होण्यास त्या मानाने बराच वेळ लागला. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे रुडॉल्फ कामेरारियस यांनी एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वीच काढून टाकली, मक्याच्या कणसाचे केस कापून टाकले आणि दोन्ही ठिकाणी बी धरत नाही, हे १६९४ मध्ये प्रसिद्ध केले. मक्याचा हा प्रयोग आजही डोळ्यांनी पडताळता येतो. कणसाच्या टोकातून बाहेर लोंबणारा प्रत्येक केस एकेका भावी दाण्याला जोडलेला असतो. शेंड्यावरच्या तुऱ्यातून वाऱ्याने उडालेला परागकण त्या केसावर पडून रुजतो, त्यातून एक सूक्ष्म नलिका निघते आणि ती केसाच्या आतून, कधी वीतभर अंतर कापून, थेट बीजांडापर्यंत पोहोचते. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या मुळाशी दाणा भरत नाही, आणि म्हणूनच पावसाच्या झडीत किंवा कडक उन्हात फुलोरा सापडला की कणीस मध्ये मध्ये रिकामे राहते.

त्या नलिकेतून दोन नरयुग्मके आत उतरतात. १८९८ मध्ये सर्गेई नवाशिन यांनी दाखवले की, त्यांतील एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो, तर दुसऱ्याचा संयोग शेजारच्या द्विकेंद्रकी पेशीशी होऊन भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारी ऊती, तयार होते. या घटनेला द्विफलन म्हणतात. ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे पीठ हे मुख्यतः याच ऊतीचे असते, तेव्हा सपुष्प वनस्पतींचे लैंगिक प्रजनन हा विषय मनुष्याच्या पोटापासून फार दूरचा नाही. या क्षेत्रात भारताचे स्थानही मोठे आहे. पंचानन महेश्वरी यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील १९५० चा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला, आणि दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांपासून, म्हणजे गुणसूत्रे निम्मी झालेल्या पेशींपासून, भ्रूण वाढवून दाखवले. निम्मा संच असलेली पेशीही संपूर्ण रोप घडवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

उसाच्या बाबतीत फलनाला फळ येते हेच दीर्घ काळ लोकांना ठाऊक नव्हते. उसाला तुरा येतो, पण त्यात उगवणारे बी असते असे कोणी मानत नव्हते. १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस येथे, परस्परांशी संबंध नसताना, तुऱ्यातील बी उगवते हे लक्षात आले आणि तेव्हापासून ऊस हे संकर करता येण्याजोगे पीक ठरले. कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र स्थापन झाले, कारण तेथील हवेत उसाला भरपूर आणि सुपीक तुरा येतो, तर उत्तर भारतातील थंडीत पराग निकामी होतो. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तेथे जाड, रसाळ, पण नाजूक अशा लागवडीच्या उसाचा संकर थेट नदीकाठी वाढणाऱ्या कास गवताशी, म्हणजे रानउसाशी, केला. साखरेचा अंश अत्यल्प असलेले हे गवत संकरासाठी निवडणे त्या काळी धाडसाचे होते. परंतु रोग, दुष्काळ, पाणथळ जमीन आणि थंडी सोसण्याची जी ताकद लागवडीच्या उसाने गमावली होती, ती त्याच गवतात शिल्लक होती. १९१८ मध्ये पंजाबसाठी दिलेला को २०५ हा वाण या संकराचे पहिले यश ठरला, आणि आज जगात जेथे जेथे ऊस पिकतो तेथील बहुतेक वाणांच्या रक्तात रानउसाचा काही अंश आहे. त्यामुळे आजच्या उसाच्या पेशीत गुणसूत्रे साधारण १०० ते १३० असतात, आणि ती अशा गुंतागुंतीने मिसळलेली असतात की एकाच तुऱ्यातील दोन बियांपासून एकसारखी रोपे मिळत नाहीत.

या संकराचे काम कसे चालते हे पाहण्यासारखे आहे. ज्या वाणाचा पराग दुबळा असतो तो मादी म्हणून निवडतात, त्याच्या तुऱ्याला कापडी आवरण घालतात आणि नर म्हणून निवडलेल्या वाणाचा तुरा त्या आवरणातच थोडा वर बांधतात, म्हणजे पहाटे परागकोश उघडले की पराग आपोआप खालच्या तुऱ्यावर झरतो. महिन्याभरात तुरा सुकतो आणि लवीसारख्या केसांत अडकलेले, मोहरीहूनही बारीक बी हाती येते. ते फार काळ टिकत नाही, म्हणून ते लगोलग पेरावे किंवा थंड जागी ठेवावे लागते. कोइमतूरच्या राष्ट्रीय संकर उद्यानात राज्याराज्यांतील शास्त्रज्ञ आपल्याला हवे ते संकर करून घेतात आणि बी आपापल्या केंद्रांत नेऊन पेरतात. महाराष्ट्रात पाडेगाव येथील संशोधन केंद्रात अशा रोपांतून निवड होते, तर मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने सिंधुदुर्गातील आंबोलीच्या दमट हवेत स्वतःचे संकर केंद्र उभारले आहे. हजारो रोपांतून अखेरीस एखादे पसंतीस उतरते, आणि त्यासाठी दहा-बारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. लैंगिक प्रजनन किती उधळे आहे याची याहून स्पष्ट कल्पना देणारे दुसरे उदाहरण शेतीत क्वचितच सापडेल: हजारांतील बहुतेक रोपे मायबापांपेक्षा निकृष्ट निघतात, आणि त्या निकृष्टांच्या गर्दीतच तो एक सरस वाण लपलेला असतो.

मधल्या वाटाही पुष्कळ आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय विषय पुरा होत नाही. फलनावाचून अंड्यापासून संतती होण्याला अनिषेकजनन म्हणतात. मधमाश्यांत राणीने न फळवता घातलेल्या अंड्यांतून नर निपजतात आणि फलित अंड्यांतून कामकरी माश्या व राण्या. कुंड्यांच्या मातीत आणि दगडाखाली आढळणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा बिनविषारी साप गुणसूत्रांचे तीन संच बाळगतो आणि त्याच्या माद्याच आजवर सापडल्या आहेत. एकटी मादी कुंडीतील मातीबरोबर समुद्रापार गेली तरी तेथे तिचा वंश सुरू होऊ शकतो, आणि जगातील सर्वाधिक पसरलेल्या सापांत वाळ्याची गणना होते ती यामुळेच. संत्र्या-लिंबांच्या बीत तर दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात: एक भ्रूण फलनातून आलेला असतो आणि त्याच्या भोवतालचे इतर भ्रूण मातृवृक्षाच्याच ऊतीतून फुटलेले असतात, म्हणूनच नागपुरी संत्र्याचे डोळे भरण्यासाठी जंबेरीचे जे खुंट बीपासून वाढवतात, ते बहुतांशी एकसारखे निघतात.

मावा ही कीड या बाबतीत अभ्यासकांची फार जुनी सोबतीण आहे. स्वित्झर्लंडचे शार्ल बोने यांनी १७४० मध्ये नुकतीच जन्मलेली एक मावा-मादी नरांपासून पूर्ण अलग ठेवली आणि तरीही तिने पिल्ले दिली, हे पाहून त्या काळच्या विद्वानांना मोठा धक्का बसला. मावा-मादीच्या पोटात तिच्या मुली वाढत असतात आणि त्या मुलींच्या पोटात नातींच्या भ्रूणांचीही सुरुवात झालेली असते. त्यामुळे अनुकूल हवामानात संख्या पाहता पाहता वाढते. २००२ मध्ये सांगली परिसरात उसावर लोकरी माव्याचा जो उद्रेक झाला आणि पुढे कर्नाटकापर्यंत पसरला, त्यामागे हेच गणित होते: एकाच वाणाचे सलग क्षेत्र आणि त्यावर नरांवाचून वाढणारी कीड. डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो उद्रेक आटोक्यात आणण्यास मोठा हातभार लावला. थंड प्रदेशांतील माव्याच्या अनेक जाती मात्र उन्हाळाभर अशा प्रकारे वाढून शरद ऋतूत नर व अंडी घालणाऱ्या माद्या तयार करतात, आणि संयोगातून आलेली अंडीच हिवाळा काढतात. गोड्या पाण्यातील हायड्रा, नायट्रोजनाच्या टंचाईत सापडलेले क्लॅमिडोमोनस शैवाल, उपाशी ठेवलेले किण्व हे सारे असेच वागतात. सुकाळात प्रती काढायच्या आणि संकटाची चाहूल लागली की सरमिसळ करायची, हे वेळापत्रक परस्परांशी दूरचाही संबंध नसलेल्या सजीवांत पुन्हा पुन्हा दिसते.

हिवतापाचा परजीवी तर ही दोन कामे दोन वेगवेगळ्या यजमानांत वाटून घेतो. माणसाच्या तांबड्या पेशीत शिरून तो अलैंगिक रीतीने वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो, नव्या पेशींत शिरतो, आणि या फुटण्याच्या आवर्तनानुसार थंडी वाजून ताप येतो. त्यांतील थोडे परजीवी मात्र वाढणे थांबवून नर व मादी युग्मकांच्या पूर्वपेशी बनतात आणि डास चावेपर्यंत वाट पाहतात. डासाच्या पोटात पोहोचताच तापमानातील घट आणि तेथील रसायने यांमुळे अवघ्या काही मिनिटांत नरपेशीतून आठ शेपट्या उसळून बाहेर पडतात. १८८० मध्ये अल्जेरियातील कॉन्स्टन्टाइन येथे अल्फोन्स लाव्हरां यांनी सैनिकाच्या रक्ताच्या थेंबात या वळवळणाऱ्या शेपट्या पाहिल्या आणि त्यावरून हा जिवंत परजीवी आहे हे ओळखले. त्या शेपट्या म्हणजे शुक्रपेशींसारखी युग्मके आहेत हे १८९७ मध्ये विल्यम मॅककॅलम यांनी पक्ष्यांच्या रक्तातील सजातीय परजीवीवरून दाखवले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर परजीवीच्या पुढील अवस्थेच्या गाठी सापडल्या. या संयोगाचा परिणाम केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. एका डासाच्या पोटात दोन निरनिराळ्या परजीवी-वंशांचा मिलाफ झाला, तर एकातील आणि दुसऱ्यातील औषध-प्रतिकारक जनुके एकाच संततीत येऊ शकतात.

इतके असूनही लैंगिक प्रजनन टिकले का, हा प्रश्न सुटलेला नाही असेच म्हणावे लागते, आणि जीवशास्त्रातील अत्यंत गंभीर प्रश्नांत त्याची गणना होते. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी त्याची मांडणी अशी केली: समजा, एका तळ्यात दोन प्रकारच्या माद्या आहेत आणि प्रत्येकीला सरासरी दोनच पिल्ले जगवता येतात. जी मादी नरावाचून प्रजनन करते तिची दोन्ही पिल्ले मादी असतील आणि दोन्ही पुढे पिल्ले देतील. जी नराबरोबर प्रजनन करते तिच्या दोन पिल्लांतील एक नर असेल आणि तो स्वतः पिल्ले देणार नाही. दर पिढीला पहिला वंश दुप्पट वेगाने वाढेल आणि थोड्याच काळात तळे व्यापेल. ही दुप्पट किंमत भरून काढील असा लाभ कोणता, याची दोन मोठी उत्तरे दिली गेली आहेत. हर्मन म्युलर यांच्या मते, अलैंगिक वंशात एकदा शिरलेला घातक जनुकीय बदल पुन्हा बाहेर जाऊ शकत नाही, कारण दातेरी चाकाप्रमाणे ही गती एकाच दिशेने चालते. सरमिसळीत मात्र असे बदल काही संततीत एकवटून तिच्याबरोबर नष्ट होतात. दुसरे उत्तर परजीवींशी निगडित आहे. रोगजंतूंच्या पिढ्या फार वेगाने उलटतात आणि जो वंश सर्वाधिक संख्येने दिसतो त्याच्यावर हल्ला करण्यास ते लवकर शिकतात. म्हणून दर पिढीला वेगळे रूप घेणे हाच बचाव ठरतो. न्यूझीलंडच्या तळ्यांत एकाच गोगलगायीचे लैंगिक आणि अलैंगिक असे दोन्ही वंश राहतात. कर्टिस लाइव्हली यांना असे आढळले की, जेथे कृमींचा प्रादुर्भाव अधिक, तेथे नरांचे प्रमाणही अधिक असते. दुसऱ्या उत्तराच्या बाजूने असलेला हा पुरावा फार वजनदार आहे.

विरोधी पुरावाही दडवण्याचे कारण नाही. शेवाळातील पाण्याच्या थेंबात राहणारे डेलॉइड गटाचे चक्रधर सूक्ष्मप्राणी कोट्यवधी वर्षांपासून नरांवाचून टिकून आहेत असे दिसते. ते पूर्ण वाळून जाऊन पुन्हा जिवंत होऊ शकतात, आणि त्यांच्या जनुकांत जीवाणू व बुरशी यांच्याकडून आलेले डीएनएचे तुकडे सापडतात. वाळल्यामुळे परजीवींपासून सुटका आणि परकी सामग्री उचलण्याची क्षमता, अशा दोन पर्यायी सोयी त्यांनी केलेल्या असाव्यात. उलट टोकाला सस्तन प्राणी आहेत. १९८४ मध्ये अझीम सुरानी आणि डाव्होर सोल्टर यांच्या गटांनी उंदरांवर स्वतंत्रपणे दाखवले की, दोन्ही संच मातेचे किंवा दोन्ही संच पित्याचे असलेला भ्रूण पूर्ण वाढूच शकत नाही; काही जनुकांवर ती कोणाकडून आली याची रासायनिक खूण असते आणि वाढीसाठी दोन्ही खुणा लागतात. म्हणून सस्तन प्राण्यांत वाळ्यासारखा केवळ माद्यांचा वंश निसर्गतः आढळत नाही.

शेतीकडे परत येताना परजीवींचे ते उत्तर पुन्हा समोर उभे राहते. एकाच वाणाचे बेणे पसरले की त्या वाणाला जो रोग जमतो तो साऱ्या मुलखाला जमतो. निर्यातीच्या व्यापारावर राज्य करणारी ग्रो मिशेल ही केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मर रोगाने मोडीत निघाली आणि तिची जागा घेणाऱ्या कॅव्हेंडिश गटावर आता त्याच बुरशीचा नवा प्रकार चालून आला आहे. बिहारमध्ये तो पोहोचला आहे. कर्नाल केंद्रातून निघालेला को ०२३८ हा ऊस उत्तर प्रदेशात इतका यशस्वी झाला की तेथील क्षेत्राचा फार मोठा भाग त्या एकाच वाणाखाली आला, आणि मग लाल कूज रोगाने त्याला गाठले. रोगट ऊस उभा चिरला की आतील गर लालसर दिसतो, त्यात मधे मधे पांढरे आडवे पट्टे असतात आणि आंबूस वास येतो. अशा उसाचे बेणे वापरले की बुरशीही बेण्याबरोबर पुढच्या फडात जाते. गवताळ वाढीचा रोगही असाच बेण्यातून जातो, आणि त्यासाठी बेणे ५४ अंश सेल्सिअसच्या दमट उष्ण हवेत ठेवण्याची प्रक्रिया केली जाते. एकूण बेण्याचे आरोग्य सांभाळणे आणि वाणांचा फेरपालट करणे, ही दोन्ही कामे महाराष्ट्रातील शेतकऱ्याने सल्ला म्हणून नव्हे, तर शास्त्राची गरज म्हणून स्वीकारायला हवीत, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

नवा वाण घडवायचा तर संकरासाठी निरनिराळे मायबाप हाती असावे लागतात, आणि ते जपून ठेवण्याचे काम केरळमधील कण्णूर येथे चालते. तेथे उसाच्या जुन्या लागवडीच्या जाती आणि त्यांचे रानटी नातेवाईक यांचा जागतिक संग्रह आहे. हा संग्रह बियांच्या रूपात ठेवता येत नाही, कारण जुन्या उसाचे बी पेरले की दर बियातून वेगळेच रोप निघते आणि मूळ जात हातची जाते. म्हणून वाफ्या-वाफ्यांतील प्रत्येक जातीचा ऊस ठरावीक काळाने तोडून, त्याच्या टिपऱ्या करून, तो पुन्हा त्याच नावाच्या पाटीखाली लावावा लागतो.